इतिहासाचे साधन म्हणून गोधडी

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि दप्तरे विद्यार्थ्यांना चटकन आठवतात. परंतु ज्या समाजाला अक्षरच नाकारले गेले, त्यातील स्त्रियांचा इतिहास या साधनांत शोधू जाता हाती फार थोडे लागते. म्हणून घरातील वलणीवर घडी घालून ठेवलेल्या गोधडीकडेही अभ्यासकाने वळले पाहिजे. काही भागांत तिलाच वाकळ म्हणतात.

खाली-वर जुनी लुगडी, मध्ये धोतर, बंडी, झबले यांचे विरलेले तुकडे आणि हे सारे थर एकत्र धरणारा धावदोरा, एवढीच तिची रचना. टाके बहुधा काठापासून निघून चौकोनात चौकोन करीत मध्याकडे सरकतात. कोणता तुकडा कोणाचा, हे शिवणारीला ठाऊक असते. वंशावळी पुरुषांच्या नावांनी चालतात. गोधडीत मात्र सुनेच्या माहेरच्या लुगड्याचा काठही टिकून राहतो. शेतमजुरीहून परतल्यावर, चूल आवरून झाल्यावर केलेल्या या शिवणकामाला घरात कोणी ‘काम’ म्हटले नाही, हीही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

कापड अखेरपर्यंत वापरण्याची ही रीत बौद्ध परंपरेतही आढळते. विनयपिटकातील चुल्लवग्गात कोसंबीचा प्रसंग आहे. राजा उदेनाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंद स्थविरांना पाचशे उत्तरासंग दान दिले. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना देऊ, असे आनंदांनी सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आस्तरणे करू. पुढे गादीच्या खोळी, जमिनीवरच्या बिछायती, पायपुसणी, धूळ झटकण्याची फडकी. आणि शेवटी ती फडकी कुटून, चिखलात मळून त्याने भुई लिंपू. हा संवाद वाचताना मला विहाराआधी घरच आठवते. फाटक्या गोधडीचे पायपुसणे आणि पायपुसण्याचे पोतेरे आमच्याकडेही होत असे.

तरीही एक भेद विसरता कामा नये. भिक्खूंनी पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावरील वा स्मशानातील चिंध्यांचे चीवर, स्वेच्छेने स्वीकारले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने मात्र मृतांची वस्त्रे चांडाळांवर लादली. पहिला त्याग होता, दुसरी शिक्षा. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे तो ग्रंथ जाळला गेला आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना, अस्पृश्यतेची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने सोडून देण्यास सांगितले. शहरातील दुकानांत गोधडी आता गृहसजावटीची वस्तू झाली आहे. शिवणाऱ्या हातांना त्यातून दोन पैसे मिळत असतील तर आनंदच आहे. पण तिच्यातील दारिद्र्याचे कौतुक मला करवत नाही.

सुटीत घरी गेल्यावर विद्यार्थ्यांनी एक गोधडी आजीसमोर उलगडावी आणि तुकड्यागणिक विचारून वहीत लिहून घ्यावे. हा उद्योग मी फार उशिरा केला. माझ्या आजीच्या गोधडीत एक पांढरा तुकडा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षेसाठी नागपूरला जाताना नेसलेल्या पातळाचा तो आहे, असे तिने सांगितले. विरलेले कापड एरवी आतल्या थरात जाते. हा तुकडा तिने वर, मधोमध लावला आहे. त्या दिवशी ती तेथे होती, याचा दुसरा कोणताही कागद आमच्या घरी नाही.