जिप्सीचं इंजिन गेलं, आता कोणतं बसवू?

प्रश्न : ताडोब्याच्या सफारीत बरीच वर्षं राबलेली २००५ची जिप्सी मी घेतली आहे. गाडी आडवी करून, मागची चाकं घसरवत वळणं घ्यायची, म्हणजे ड्रिफ्ट करायची फार हौस आहे. पण इंजिन गरम होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि रेडिएटरचं पाणी कमी होत राहतं. मिस्त्री म्हणतात, दुसरं इंजिनच टाका. कुणी जुन्या बलेनोचं सुचवतं, कुणी स्विफ्टचं डिझेल. पैसे बेताचे आहेत. कोणतं घ्यावं? (एक वाचक, मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : नवं शोधायच्या आधी जुनं उघडून बघा. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं हेड गॅस्केट गेल्याची असू शकतात. ऑइलची डिपस्टिक काढा. तेल दुधाळ चहासारखं झालं असेल तर पाणी आत शिरतंय हे नक्की. हेड काढून लेथवाल्याकडे न्या, ते वाकलंय का ते सपाट पट्टीवर तपासून घ्या, गरज असेल तर फेसिंग करा. ब्लॉकला तडा नसेल आणि सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे नसतील, तर नवं गॅस्केट टाकून गाडी उभी राहील. अख्ख्या इंजिनाच्या मानाने हा खर्च फारच थोडा आहे.

मात्र सफारीच्या गाडीच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. जंगलात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताशी १५-२० किलोमीटरने चालते, वाघासाठी थांबते आणि धूळ खाते. एक लाख किलोमीटर ताशी २०ने कापायला ५००० तास लागतात. हमरस्त्यावर ताशी ६०ने तेच अंतर १७०० तासांच्या आत संपतं. मीटर सारखंच दिसलं तरी रिंगा, बेअरिंगं आणि तेल तिप्पट वेळ झिजलेलं असतं. म्हणून हेड उघडण्याआधी चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करा. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला, तर नुसत्या गॅस्केटवर भागेलच असं नाही. रिंगा झिजल्या असतील तर रिबोर करून ओव्हरसाइज पिस्टन-रिंग टाकायच्या, किंवा दुसरं इंजिन आणायचं.

दुसरं आणायचंच ठरलं, तर आधी हातात काय आहे ते समजून घ्या. तुमच्या गाडीत सुझुकीचं जी-१३बीबी आहे : १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, सुमारे ८० अश्वशक्ती. जिप्सी १९८५च्या डिसेंबरात आली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६च्या जिप्सी किंगमध्ये १.३ लिटरचं कार्ब्युरेटरवालं आलं आणि २०००मध्ये एमपीएफआयवालं, म्हणजे इंधन फवारणारं, १६ व्हॉल्व्हचं आलं. हाच १.३ लिटरचा ब्लॉक एस्टीममध्ये, व्हर्सामध्ये आणि २००५च्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्येही आहे. नागपूरच्या भंगारवाल्याकडे नुसतं ‘जिप्सीचं इंजिन’ मागितलंत तर भाव चढा सांगतील, कारण सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी बनणं २०१९मध्ये थांबलं आणि सफारीवाले, फौजेतून निघालेल्या गाड्यांचे मालक, सगळेच तिचे भाग शोधत असतात. एस्टीमचं मागा.

त्यात एक मेख आहे. एस्टीम आणि स्विफ्टमध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत लांबीच्या दिशेने. जिप्सीत इंजिनाखालून पुढचा अ‍ॅक्सल जातो, त्यामुळे तेलाच्या चेंबरचा आकारही वेगळा असतो. म्हणून जुन्या इंजिनाचं चेंबर, तेल ओढणारी नळी, इनटेक, एक्झॉस्ट, फ्लायव्हील, फाउंडेशनचे ब्रॅकेट, सेन्सर, वायरिंग आणि इसीएम यातलं काहीही फेकू नका. मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर जुन्याचा सौदा तिथेच परस्पर होऊन जातो. व्हर्साचं इंजिन मुळातच लांबीच्या दिशेने बसतं, मागची चाकं फिरवतं, म्हणून ते ऐकायला सोपं वाटतं. तरी तेही बाहेर काढून तुमच्या चेंबर-इनटेकशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.

बलेनोचा सल्ला देणारा माणूस जाणकार आहे. १९९९च्या त्या बलेनोतलं जी-१६बी याच घराण्यातलं आहे : १५९० सीसी, सुमारे ९४ अश्वशक्ती. बोअर ७४ऐवजी ७५ मिलिमीटर, पण स्ट्रोक ७५.५ऐवजी तब्बल ९०. म्हणून खालच्या आरपीएमलाच ओढ मिळते, आणि ड्रिफ्टमध्ये घसरण टिकवायला तीही कामाला येते. परदेशात सुझुकीच्या लहान जीपगाड्यांत हा बदल हौशी लोक फार वर्षांपासून करत आले आहेत. मात्र स्ट्रोक वाढला की ब्लॉकची उंचीही वाढते, बॉनेटखाली जागा मोजून घ्यावी लागते, आणि नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. तो पुढे सांगतो.

स्विफ्टचं १२४८ सीसी डिझेल मात्र सोडून द्या. त्याची अश्वशक्ती ७५च, पण पीळ, म्हणजे टॉर्क, १९० न्यूटन-मीटर. जिप्सीच्या पेट्रोलचा जेमतेम १०३. जवळपास दुप्पट जोर त्याच जुन्या गिअरबॉक्सवर आणि ट्रान्सफर केसवर पडणार. नाक जड होणार, टर्बो आणि इंटरकूलरला जागा करावी लागणार, अ‍ॅडाप्टर प्लेट बनवून घ्यावी लागणार. मालवाहू गाडीला हे शोभलं असतं. ड्रिफ्टला पटकन वर चढणारं, हलकं इंजिन हवं.

आता आपल्याकडच्या उन्हाकडे या. खरी निवड तिथेच होते. इंजिनातलं पाणी साधारण ९० अंशांवर राहतं. बाहेर २५ अंश असतील तर फरक ६५चा. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४७च्या पुढे जातो, तेव्हा फरक उरतो ४३चा. रेडिएटर उष्णता टाकतो ती या फरकाच्या प्रमाणात, म्हणजे त्याची एक तृतीयांश ताकद हवेनेच काढून घेतली. त्यातून ड्रिफ्टमध्ये इंजिन जोरात फिरतं, गाडी मात्र हळू आणि तिरपी सरकते, त्यामुळे समोरून हवा मिळत नाही. म्हणून बलेनोची १४ अश्वशक्ती जास्त घेण्याऐवजी तेच पैसे रेडिएटरची नवी जाळी, नवा थर्मोस्टॅट, वॉटरपंप आणि पंख्याभोवतीचं धड कडं यांत घाला. घुग्घुस-दुर्गापूरच्या कोळशाच्या धुळीत एअर फिल्टर वेळापत्रकाची वाट न पाहता बदला. तेल नेहमी वरच्या खुणेपर्यंत ठेवा, कारण गाडी आडवी सरकली की चेंबरमधलं तेल एका बाजूला जातं, नळी हवा ओढते आणि बेअरिंगं जळतात. चेंबर खाली उतरलेलंच असेल तर आत आडोशाची पट्टी वेल्ड करून घ्या.

आणि ८० अश्वशक्ती कमी नाहीत. जपानमध्ये शर्यतचालक केइची त्सुचियाने ज्या टोयोटा एई८६मधून ही कला घाटरस्त्यांवर गाजवली, तिचं इंजिन १५८७ सीसीचं आणि १३० अश्वशक्तीचं होतं, गाडी साधारण तुमच्याच वजनाची. पण तिची उंची कमी होती. तुमची जिप्सी १.८ मीटरपेक्षा उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर जेमतेम १.३ मीटर. डांबरावर टायर एकदम चिकटले की ती घसरण्याऐवजी पलटेल. म्हणून तिचा ड्रिफ्ट मुरमावरच. तिथे जुनं १.३ पुरून उरतं. माझं मत विचाराल तर : तेच इंजिन किंवा एस्टीमचं त्याच जातीचं, नीट ओव्हरहॉल करून, आणि उरलेल्या पैशांत रोल केज, चार बिंदूंचे पट्टे आणि हेल्मेट.

नोंदणीचं असं : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीचे तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे करता येत नाहीत, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच प्रकारच्या, त्याच क्षमतेच्या इंजिनासाठी एमएच ३४च्या आरटीओकडे आधी अर्ज करा, इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद जोडा, नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. १२९८चं १५९० करून गाडी रस्त्यावर आणलीत, तर कलम १८२-एप्रमाणे प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कागद नसलेलं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ते चोरीच्या गाडीचं निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

प्रश्न : आमच्याकडे रात्री रस्ते अगदी मोकळे असतात. तिथे सराव केला तर? (एक वाचक, देसाईगंज, जि. गडचिरोली)

उत्तर : नाही. तो रस्ता तुम्हाला मोकळा वाटतो, पण तो कुणाच्या तरी येण्याजाण्याचा असतो. चंद्रपूर-मूल मार्गावर जनावरं रस्ता ओलांडतात, गडचिरोलीत २०२१पासून छत्तीसगडकडून आलेले हत्ती फिरतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात बायामाणसं टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याला. वळणावर आडव्या झालेल्या गाडीला ब्रेक लागत नाही.

तुमच्या झाडीपट्टीत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, कसा भरतो ते आठवा. जोड्या सुटण्याआधी पटाची जागा ठरते, ती साफ होते, लोक कडेला थांबतात. तसंच करा. धान निघाल्यावर एखादी सपाट पडीक जागा मालकाला विचारून घ्या, दगड आणि बांध बघून घ्या, टायरच्या ओळी लावून सीमा आखा, आत चालकाशिवाय कुणी नको. अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी हाताशी ठेवा. पुढे स्पर्धेत उतरायचं झालं तर एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचा परवाना काढा. आपल्या राज्यात नाशिकला रॅलीची परंपरा आहे, तिथे जाऊन आधी पाहून या. पहिल्या दिवशी मैदानावर थोडं पाणी मारा, ट्रान्सफर केसचा लिव्हर टू-एचवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, ठेवा, दुसऱ्या गिअरमध्ये मोठा गोल घ्या, आणि दर दहा मिनिटांनी थांबून तापमानाचा काटा बघा.