चिंतेस वेळ नेमून द्यावा

दिवसभर शेतात राबलेला मनुष्य अंथरुणावर पडला म्हणजे त्याचे अंग विसावते, परंतु मन विसावतेच असे नाही. सोसायटीचा हप्ता, मुलीचे लग्न, लांबलेला पाऊस, भावाशी झालेली बोलाचाली ही सर्व दिवसा कामाच्या आड दडलेली असतात, आणि दिवा मालवताच एकामागून एक पुढे येतात. मनुष्य कूस बदलीत राहतो, पहाट होते, आणि थकल्या मनाने तो तीच चिंता पुन्हा उचलतो. अशास "चिंता करू नका" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती न करावी कशी, हे सांगणारे थोडे. या पाठात आपण त्याचाच विचार करू.

१. विचार व चिंता यांतील भेद

विचार हा गाडीच्या बैलासारखा आहे. तो मुक्कामास पोचवितो. चिंता ही घाण्याच्या बैलासारखी होय. चालणे तितकेच, पण संध्याकाळी पाहावे तो जागच्या जागी. दोहोंची पारख सोपी आहे. घटकाभर मनात घोळविल्यावर उद्या करावयाचे एखादे काम निघाले, तर तो विचार होता. काहीच न निघता जीव मात्र घाबरा झाला, तर ती चिंता होती असे समजावे.

२. हाकलल्याने ती जात नाही

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांस त्यांनी सांगितले की, पांढऱ्या अस्वलाचा विचार मनात आणू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वारंवार वाजत राहिली. जो विचार नको म्हणून मन पहारा करीते, त्या पहाऱ्यापायीच तो आठवत राहतो. म्हणून चिंताग्रस्त माणसास नुसते दटावणे व्यर्थ आहे.

परंतु जी चिंता हाकलता येत नाही, ती पुढे ढकलता येते. पेनसिल्व्हेनियातील टॉमस बोर्कोव्हेक व त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली ही रीत मांडली. दररोज अर्धा तास, ठरल्या वेळी व ठरल्या जागी, चिंतेकरिता राखून ठेवावा. इतर वेळी चिंता आली की ती ओळखून, "तुझी वेळ संध्याकाळी" असे मनाशी म्हणावे, आणि हातातील कामाकडे लक्ष वळवावे. नेमलेल्या अर्ध्या तासात मात्र ती मनसोक्त करावी, व तिच्यातून काही उपाय निघतो काय हे पाहावे. ज्यांनी असे केले त्यांचा चिंतेत जाणारा वेळ कमी झाला.

यातील मर्म असे की, मनाच्या खोडी वेळेस व जागेस चिकटतात. जो रोज अंथरुणात चिंता करितो, त्यास पुढे अंथरूण दिसताच चिंता आठवते. याकरिता गुरे बांधून झाल्यावर ओट्यावर बसून हा अर्धा तास पुरा करावा. निजावयाच्या जागी कधीही नाही.

३. उद्याचे काम कागदावर

अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन व सहकारी यांनी ५७ तरुण मंडळींवर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. निजण्यापूर्वी ५ मिनिटे काहींनी पुढील दिवसांत करावयाची कामे लिहिली. इतरांनी झालेली कामे लिहिली. पुढील कामे लिहिणाऱ्यांस सुमारे ९ मिनिटे लवकर झोप लागली. आणि ज्यांनी कामे जितकी नेमकी लिहिली, तितकी त्यांस झोप लवकर आली. तेव्हा "कर्जाचे बघणे" असे मोघम न लिहिता, "सोमवारी सोसायटीत जाऊन हप्त्याची मुदत विचारणे" असे लिहावे. ज्यास लिहिता येत नाही, त्याने घरातील शाळकरी मुलाकडून लिहवून घ्यावे.

४. सवय लागण्यास काळ लागतो

चार दिवस करून "आम्हांस गुण आला नाही" म्हणणारे पुष्कळ असतात. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली व सहकारी यांनी ९६ जणांस रोज एक लहान गोष्ट करावयास सांगितली. २०१० साली छापलेल्या त्यांच्या लेखानुसार, ती गोष्ट आपसूक होऊ लागण्यास साधारण ६६ दिवस लागले. कोणास १८, तर कोणास २५४ दिवस लागावेत असा हिशेब निघाला. विशेष हे की, एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. म्हणून चुकलेल्या दिवसाचा शोक न करिता दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.

५. खचलेल्या माणसाकरिता

ज्याचे मन केवळ चिंतित नव्हे, तर खचले आहे, तो म्हणतो, "मन लागले की कामास लागेन." अनुभव उलट आहे; आधी हात हलतात, मग मन हलते. गोव्यातील संगाथ या संस्थेने याचा पुरावा दिला आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासीनतेने ग्रासलेल्या सुमारे ४९० जणांची पाहणी झाली. त्यांपैकी निम्म्यांस नेहमीच्या उपचारांबरोबर ६ ते ८ भेटींत, लहान लहान कामे ठरवून ती पार पाडण्यास साह्य केले गेले. हे साह्य करणारे डॉक्टर नव्हते. थोडे शिक्षण दिलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी त्यांच्या रोग्यांपैकी १०० त ६४ सावरले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी १०० त ३९. हा वृत्तांत २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. घरोघर भेटी देणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी यावरून धीर घ्यावा. उपदेश कमी करावा, आणि विचारावे, "उद्या सकाळी आपण कोणते एक काम कराल?" मग परवा जाऊन ते झाले काय हे पाहावे.

६. सवयीची मर्यादा

सवयीने कर्ज फिटत नाही व पाऊसही पडत नाही. संकटास तोंड देण्याइतकी शक्ती तेवढी उरते. दोन आठवडे सतत उदास वाटणे, झोप व अन्न तुटणे, कशातच गोडी न राहणे ही आजाराची लक्षणे होत. तेथे डॉक्टरास दाखवावे. कोणी जीवन नकोसे झाल्याचे बोलू लागल्यास, "जीव देण्याचा विचार येतो काय?" असे स्पष्ट व मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. अशास एकटे सोडू नये, आणि पिकावरील विषारी औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. सरकारची टेली मानस ही दूरध्वनीसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठीतही बोलता येते.

चर्चेकरिता प्रश्न

१. कालच्या काळज्यांपैकी विचार कोणते व चिंता कोणत्या?
२. आपल्या घरी चिंतेकरिता कोणती वेळ व कोणती जागा सोयीची आहे?
३. आपल्या वस्तीत अलीकडे कोण बोलेनासे झाले आहे, आणि त्याच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?