एक कळफलक, दोन संगणक

आपल्या पुष्कळ शाळांत संगणकांपेक्षा मेजे आणि पडदे थोडे असतात. कार्यालयाचा एक संगणक व मुलांच्या पाठांचा दुसरा, असे दोन्ही मुख्याध्यापकांच्या एकाच मेजावर येतात. अशा वेळी दोघांना मिळून एकच कळफलक, एकच माऊस आणि एकच पडदा पुरविणारी एक छोटी पेटी मिळते. तिला केव्हीएम स्विच म्हणतात. तिच्यावरील बटण दाबले, किंवा काही पेट्यांत स्क्रोल लॉक ही कळ लागोपाठ दोनदा दाबली, की एका संगणकावरून दुसऱ्यावर जाता येते. सोय मोठी आहे; परंतु पेटीच्या खोडी ठाऊक नसल्या तर धडधाकट संगणक नादुरुस्त ठरतो.

प्रस्तुत लेखकाने एका शाळेत असे घडलेले पाहिले आहे. तेथे सकाळी भिंतीवरील एकच खटका दाबून दोन्ही संगणक एकदम सुरू करीत. पहिला नीट चाले. दुसऱ्याकडे वळले की अक्षरे अवाढव्य व फिसकटलेली दिसत. कधी पडदा काळाच राही. अखेर त्याचे नाव निर्लेखनाच्या यादीत गेले. मुलांच्या तीन वर्षांच्या प्रगतीच्या नोंदी त्यातच होत्या. पेटी काढून पडदा थेट जोडताच तो संगणक निर्दोष चालला!

याचे कारण असे. संगणक सुरू होताना पडद्याला त्याची ओळख विचारतो. पडदा आपले नाव, आकार आणि आपण किती ठिपके दाखवू शकतो हे सांगणारी एक चिठ्ठी देतो. हिला ईडीआयडी म्हणतात. ही पद्धत १९९४ साली ठरली आणि मूळ चिठ्ठी अवघ्या १२८ बाइटांची असते. साधी पेटी ही चिठ्ठी त्या क्षणी निवडलेल्या संगणकालाच पोहोचविते. दुसऱ्याने विचारले तर उत्तर येत नाही. हजेरीच्या वेळी मुलगा शेजारच्या वर्गात बसला असेल, तर शाळेत असूनही त्याच्या नावापुढे गैरहजेरी पडते, तसेच हे आहे. मग संगणक अंदाजाने काहीतरी लहान मापाचे चित्र पाठवितो, अथवा मुळीच पाठवीत नाही. म्हणून संगणक एकेक करून सुरू करावेत, आणि जो सुरू होत आहे त्याच्याकडेच पेटी वळलेली असावी. काही पेट्या चिठ्ठीची प्रत जवळ ठेवून सर्वांना देतात. खरेदीच्या वेळी ‘ईडीआयडी इम्युलेशन’ आहे काय, एवढे विचारावे.

कळफलकाचेही असेच. १९८७ पासूनचा गोल पीएस/२ जोड संगणक चालू असताना काढू-घालू नये. कित्येक जुने संगणक कळफलक सापडला नाही तर थांबतात आणि पुढे जाण्यासाठी एफ १ ही कळ दाबावयास सांगतात. ती कोणत्या कळफलकावर दाबावी हे मात्र सांगत नाहीत. यूएसबी जोडास काढ-घाल बाधत नाही. तथापि साध्या पेटीत प्रत्येक अदलाबदल म्हणजे कळफलक उपटून पुन्हा लावणेच होय. त्याची ओळख पटेपर्यंत क्षण-दोन क्षण जातात, आणि घाईने पासवर्ड लिहिल्यास पहिली अक्षरे हरवतात. चूक आपल्या स्मरणशक्तीची नसते.

मराठी लिहिताना आणखी एक गोंधळ होतो. कळफलक अक्षर पाठवीत नाही. कोणती कळ दाबली एवढेच कळवितो. त्या कळीचा अर्थ प्रत्येक संगणक आपापल्या परीने लावतो. एकावर इनस्क्रिप्ट निवडलेले असेल तर इंग्रजी के या कळीने ‘क’ उमटतो. दुसऱ्यावर तीच कळ इंग्रजी अक्षर देते. कळफलक बिघडला असे समजून नवा मागविण्यापूर्वी भाषेची निवड पाहावी.

कोणताही संगणक बाद ठरविण्याआधी पेटी बाजूस ठेवावी, पडदा व कळफलक थेट जोडावेत, तारही एकदा बदलून पाहावी, आणि मगच सुरू करावा. तरीही अंधारच राहिला, तर तंत्रज्ञास दाखवून आतील नोंदी उतरवून घ्याव्यात. यादीत नाव त्यानंतर घालावे.