खाणीच्या मातीचा डोंगर पायथ्यापासून पाहा

मैत्रिणींनो, आपल्या आष्टी तालुक्यात कोळशाची खाण नाही. मग हा पाठ कशाला, असं वाटेल. पण आपल्या शिवेवरची वर्धा नदीच पुढे वणी, घुग्घुस, बल्लारपूरच्या कोळसापट्ट्यातून जाते. आपल्या कितीतरी जणींच्या लेकी-बहिणी तिकडे दिलेल्या आहेत. कोणाच्या शेताला लागूनच खाणीच्या मातीचा डोंगर आहे. पुढच्या वेळी तिकडे गेलात तर काय पाहायचं, ते आज शिकू.

उघड्या खाणीत कोळशापर्यंत जायला वरची काळी माती, मुरूम, दगड, चिकणमाती काढावी लागते. वेकोलिच्या खाणींजवळ दिसणारे ढिगारे याच मातीचे. आपली काळी माती कशी वागते, हे कोणी शिकवायला नको. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, पाय ठरत नाही. तीच ढिगाऱ्यात मिसळली किंवा त्याच्या बुडाशी राहिली, की ढिगारा घसरायचा धोका वाढतो.

आपली नजर आधी शेंड्याकडे जाते. "केवढा उंच झाला!" म्हणतो. उंचीचा नियम आहेच: २०१७ च्या कोळसा खाण नियमावलीप्रमाणे ३० मीटरच्या वर ढीग गेला तर पायऱ्या पाडाव्या लागतात, आणि उतार साडेसदतीस अंशांपेक्षा उभा नको. म्हणजे चार हात आडवं गेल्यावर साधारण तीन हात चढ, त्याहून जास्त नाही. पण माझं म्हणणं, सुरुवात पायथ्यापासून करा. कारण ढीग खचतो त्यात पाण्याचा हात मोठा असतो, आणि पाणी पायथ्याशी दिसतं.

ढिगाऱ्याभोवती माळेसारखी नाली हवी आणि तिचं पाणी गाळ बसवायच्या तळ्यात जायला हवं. नाली गाळाने बुजली का? पाणी फोडून कोणाच्या वावरात उतरतं का? पाऊस थांबून आठ दिवस झाले तरी एखादी जागा ओली असेल, पाझरत असेल, तर पोटात पाणी साचलंय समजा. पायथ्याची जमीन फुगली असेल, कुंपणाचे खांब कलले असतील, तर तिथे थांबू नका. लगेच लोकांना सांगा.

मग उतार. बोटाएवढ्या रेघा पहिल्या पावसात पडतातच. त्यांची कमरेएवढी घळ झाली, तर माथ्यावरचं सगळं पाणी एकाच वाटेने येतंय. माथ्यावर काठाला समांतर भेग दिसली तर ती सगळ्यात वाईट खूण. मात्र वर चढायचं नाही. परवानगीशिवाय खाणीच्या हद्दीत जायचं नाही. रस्त्यावरून, आपल्या बांधावरून दिसतं तेवढं पुष्कळ. दर वेळी एकाच जागेवरून फोटो काढा, म्हणजे फरक कळतो.

ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात अ‍ॅबरफान नावाचं खाणीचं गाव आहे. तिथला ढिगारा डोंगरातल्या झऱ्यांवर रचला होता. १९६५ मध्ये दोन आयांनी शाळेत पाणी शिरतं म्हणून मुख्याध्यापिकेकडे अर्ज दिला होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी, बऱ्याच दिवसांच्या पावसानंतर, ढिगारा सुटून शाळेवर आला. १४४ जण गेले, त्यात ११६ लेकरं. त्या आयांनी पाणीच पाहिलं होतं!

म्हणून अर्ज नुसता "धोका आहे" असा नको. तारीख, गट नंबर, आधी किती दिवस पाऊस होता, पाणी कुठून कुठे गेलं, हे लिहा, फोटो जोडा. ग्रामसभेत ठराव घ्या. प्रती खाण व्यवस्थापक, तहसीलदार, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि खाण सुरक्षा महासंचालनालय यांना. पोच घेतल्याशिवाय परतू नका. वावरात गाळ आला असेल तर हलवायच्या आधी तलाठ्याकडे पंचनामा मागा.

सराव मात्र इथेच होईल. नाला खोलीकरणाची किंवा शेततळ्याची माती काठालाच टाकलेली असते, आणि ती पुन्हा पाण्यात जाते. पुढच्या मासिक बैठकीच्या आधी आपल्या गावातला असा एक ढीग पायथ्यापासून पाहा. नाली, पाझर, घळ, भेग – जे दिसेल ते गटाच्या वहीत तारखेसह लिहून आणा.