माशांच्या ऊतींचे नमुने : संकलन व जतन

(शिक्षकांच्या अभ्यासासाठी)

सीलाकँथ हा मासा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाला, असा शास्त्रज्ञांचा समज होता. १९३८ साली तो दक्षिण आफ्रिकेत जाळ्यात सापडला. संग्रहालयाच्या प्रमुख मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांनी त्याचे वेगळेपण हेरले. परंतु पुरेसे फॉर्मॅलिन न मिळाल्यामुळे आतील अवयव कुजून गेले. १९९७ साली इंडोनेशियात मानाडोच्या बाजारात तसाच मासा दिसला. त्याचे छायाचित्र राहिले, मासा विकला गेला. ३० जुलै १९९८ रोजी दुसरा मासा हाती आला व त्याच्या ऊती जतन करण्यात आल्या. आफ्रिकेतील माशाच्या डी.एन.ए.शी त्यांची तुलना झाली आणि १९९९ साली ती निराळी जात ठरली. छायाचित्राने हे साधले नसते.

जतन कशासाठी? मासा मरताच पेशींतील विकरे व जंतू डी.एन.ए.चे तुकडे करू लागतात. उष्ण हवेत हा नाश त्वरेने होतो. इथेनॉल ऊतींतील पाणी शोषून विकरांचे कार्य थांबवते. फॉर्मॅलिनने माशाचा आकार टिकतो, पण डी.एन.ए. प्रथिनांशी जखडला जाऊन काढणे अवघड होते. यास्तव मासा फॉर्मॅलिनमध्ये ठेवण्यापूर्वीच ऊती घ्याव्यात.

कृती

१. माशाच्या डाव्या बाजूचे छायाचित्र घ्यावे व लांबी मोजावी.

२. उजव्या बाजूच्या पराचा अथवा स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा कापावा. डावी बाजू अखंड राखावी.

३. तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये बुडवावा. इथेनॉल तुकड्याच्या निदान पाचपट असावे. ऊतीतील पाण्याने ते सौम्य होते, म्हणून २४ तासांनी बदलावे.

४. प्रत्येक माशासाठी नवे पाते घ्यावे; एकाचा अंश दुसऱ्यात मिसळल्यास निष्कर्ष चुकतो.

५. क्रमांक, स्थानिक नाव, स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव शिसपेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीतच टाकावी. शाई इथेनॉलमध्ये विरघळते. चिठ्ठीवाचून नमुना निरुपयोगी होय.

६. बाटली घट्ट बंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. इथेनॉल ज्वालाग्राही आहे. ते मुलांच्या हाती देऊ नये.

वर्गातील उपक्रम : बाजारातील बांगडा आणून मुलांकडून त्याची लांबी मोजवून घ्यावी व प्रत्येकाकडून चिठ्ठी लिहवून घ्यावी. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वाचून मासा कोठला व केव्हाचा ते सांगावे.

प्रश्न : १. फॉर्मॅलिनपूर्वी ऊती का घ्याव्यात? २. चिठ्ठी बाटलीबाहेर चिकटवली तर कोणता धोका संभवतो?