मुलांचे डोळे आणि एकच पदर

सकाळी मूल उठते तेव्हा पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात, डोळा लाल असतो. घरात म्हणतात, डोळे आले. आई पदराने त्याचे डोळे पुसते आणि मग त्याच पदराने धाकट्याचे. वस्त्यांत फिरताना आम्ही हे नेहमी पाहतो. मायेने पुसलेल्या त्या पदरातूनच संसर्ग पुढच्या लेकराकडे जातो.

डोळ्यातून घट्ट, पिवळसर पू येत असेल तर संसर्ग बहुधा जिवाणूंचा असतो. पाणी उकळून थंड करावे, त्यात स्वच्छ कापूस भिजवावा आणि डोळा नाकाकडून कानाकडे पुसावा. दर वेळी नवा बोळा घ्यावा. थेंब डॉक्टरांनी दिलेलेच घालावेत. शेजारची उरलेली बाटली वापरू नये. तिच्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर नजर जाऊ शकते. काजळ, मध, अंगावरचे दूध डोळ्यात घालू नये.

डोळा फार दुखणे, उजेड सहन न होणे, अंधुक दिसणे, बुबुळावर पांढरा डाग दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जन्मानंतर २८ दिवसांच्या आत बाळाच्या डोळ्यात पू आला तर एक दिवसही थांबू नये.

खुपरी हाही जिवाणूंचाच रोग. त्या जिवाणूचे नाव क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. हात, कपडे आणि माश्या यांतून तो पसरतो. वरच्या पापणीच्या आत बारीक दाणे येतात. लहानपणी हा संसर्ग पुन्हा पुन्हा झाला की पापणीला आतून व्रण पडतात, ती आत वळते आणि केस बुबुळावर घासू लागतात. आंधळेपण येते ते मोठेपणी. मुलांना सांभाळणाऱ्या बायकांना हा धोका पुरुषांपेक्षा जास्त असतो.

भारताने १९६३ मध्ये खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपरी भारतातून दूर झाल्याचे जाहीर केले. शस्त्रक्रिया आणि औषध यांच्या जोडीला स्वच्छ चेहरा, पाणी व शौचालये हे या लढ्याचे आधार आहेत.

म्हणून आपण दोन कामे करू या. घरात प्रत्येक मुलाचे फडके वेगळे ठेवू आणि रोज साबणाने हात व स्वच्छ पाण्याने तोंड धुण्याची सवय लावू. ज्या वस्तीत नळ नाही, तिथल्या बायांनी मिळून ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पाणीच नसेल तर तोंड धुवा म्हणून आईला सांगण्यात काय अर्थ?