कपाटं मागवण्याआधी डबे मोजा

मध्य न्यू जर्सीत, एडिसन-आयसेलिनपासून प्लेन्सबरोपर्यंत, आपल्याकडची बरीच कुटुंबं १९६० ते १९८० च्या दशकांत बांधलेली घरं विकत घेतात. शाळा चांगली असते, न्यूयॉर्कची गाडी गाठता येते, मागे अंगण असतं. किचन मात्र जुनं, आणि सामानाला जागा पुरत नाही. मग दोन-चार वर्षांत रीमॉडेल निघतं. ज्यांनी ते बऱ्याच वर्षांपूर्वी केलं आणि अजून त्याच घरात राहतात, अशा कुटुंबांचे अनुभव इथे एकत्र केले आहेत. रंग, दगड, टाइल यांबद्दल त्यांची मतं जुळत नाहीत. एका गोष्टीवर मात्र सगळे ठाम आहेत: डिझायनरकडे जाण्याआधी घरातलं सामान मोजा.

शोरूममधला नकाशा ज्या स्वयंपाकासाठी काढलेला असतो, तो स्वयंपाक आपला नसतो. त्यात धान्याचा साठा धरलेलाच नसतो. आपल्याकडे २० पौंडांची कणकेची पिशवी, तेवढाच तांदूळ, सात-आठ डाळी आणि कडधान्यं, पोहे, रवा, साबुदाणा, गूळ, दाणे, शिवाय भारतातून आणलेला गोडा मसाला, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या एवढं बारा महिने असतं. हे सगळं जड असतं आणि रोज लागतं. जड आणि रोजचं म्हणजे ते ओट्याखालीच हवं. वरच्या कपाटात तांदळाचा डबा ठेवला की तो काढताना दरवेळी खांद्यावर ताण येतो, आणि साठी ओलांडलेल्या आईला तो काढताच येत नाही.

म्हणून ओट्याखाली दाराची कपाटं कमी आणि खोल ड्रॉवर जास्त घ्या. दाराच्या कपाटात मागचं काढायला पुढचं सगळं बाहेर काढावं लागतं. ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो आणि वरून सगळं दिसतं. पण मागवताना दोन गोष्टी विचारा. एक, ड्रॉवरची पट्टी किती वजन पेलते: ७५ पौंड की १००? धान्याच्या ड्रॉवरसाठी १०० पौंडांचीच घ्या. दुसरी, आतली उंची. तीन ड्रॉवरच्या कॅबिनेटमध्ये खालच्या दोन ड्रॉवरचं दर्शनी फळकुट साधारण १२ इंचांचं असतं, पण आत उभं ठेवायला त्याहून बरीच कमी जागा मिळते. पाच लिटरचा कुकर झाकणासकट, मोदकपात्र, तीस माणसांचा भात होईल ते पातेलं, हे सगळं टेपने मोजून आकडे लिहून न्या. सोऱ्या, पुरणयंत्र, किसणी, पोळपाट-लाटणं यांचीही यादी करा. पोळपाट गोल आणि रुंद असल्यामुळे तो नेमका कुठे राहणार हे शेवटपर्यंत ठरलेलं नसतं आणि मग तो कायम ओट्यावर पडून राहतो. गॅसशेजारी ९ इंच रुंदीचं उभ्या कप्प्यांचं कॅबिनेट घेतलंत तर तवा, ताटं आणि पोळपाट तिघांची सोय होते.

वरच्या कपाटांचं गणित सोपं आहे. ओटा ३६ इंचांवर, त्यावर १८ इंच मोकळे, मग कपाट. जुन्या घरांत छत बहुधा ८ फुटांवर, म्हणजे ९६ इंचांवर असतं. ४२ इंच उंचीचं कपाट घेतलं की ते छताला भिडतं. ३० इंचांचं घेतलं तर वर १२ इंचांची फट उरते. तिच्यात फोडणीची वाफ आणि तेलकट धूळ बसते, आणि ती पुसणं कुणालाही आवडत नाही. ४२ इंचांच्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर दिवाळीच्या फराळाचे डबे, चांदीची भांडी असं वर्षातून एक-दोनदा लागणारं ठेवावं.

पॅन्ट्रीसाठी बहुतेकांना २४ इंच खोलीचं उंच कपाट सुचवलं जातं. त्यात सरकते ट्रे नसतील तर ते घेऊ नका. मागच्या अंधारात गेलेली मटकी दोन वर्षांनी सापडते, तीही भुंगे लागलेली. त्यापेक्षा १२ ते १६ इंच खोल फळ्यांची, भिंतभर पसरलेली पॅन्ट्री कितीतरी उपयोगी. आणलेली कडधान्यं आधी चार दिवस ०° फॅरनहाइटच्या फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरली तर किडीचा प्रश्न बराच सुटतो. त्यासाठी दुसरा फ्रीझर घेणार असाल तर त्याची जागा आणि आउटलेट आताच नकाशात घाला. तो न तापवलेल्या गराजमध्ये ठेवू नका. साधे फ्रीज-फ्रीझर जानेवारीच्या थंडीत तिथे नीट चालत नाहीत.

आता भिंत पाडण्याबद्दल. किचन आणि फॅमिली रूम एक करायची सगळ्यांनाच हौस असते, आणि स्वयंपाक करताना मुलांवर लक्ष राहतं हे खरंच आहे. पण दहा फुटांची भिंत गेली की तिच्यावरची कपाटंही जातात. ती भिंत वरच्या मजल्याचा भार घेत असेल तर इंजिनियर, बीम आणि बराच जास्त खर्च आला. शिवाय हिंग-मोहरीची फोडणी सोफ्याच्या कापडात मुरते. ज्यांनी अर्धी भिंत ठेवून मधे रुंद मोकळीक काढली, ते आज सगळ्यात समाधानी आहेत. भिंत राहो वा जावो, चिमणीची हवा घराबाहेर सोडलीच पाहिजे. शेगडीवर लावलेला मायक्रोवेव्ह अनेकदा हवा जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो. गॅस बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर पाइप आखूड राहतो आणि हवा जोरात खेचली जाते, म्हणून गॅसची जागा सगळ्यात आधी ठरवा. मिनिटाला ४०० घनफुटांहून जास्त हवा खेचणारी चिमणी घेतल्यास बाहेरची हवा आत येण्याची सोय बऱ्याच ठिकाणी नियमाने करावी लागते. हे काँट्रॅक्टरला आधी विचारा.

बेसमेंट म्हणजे आपल्या घरातला माळा. मखर, दिव्यांच्या माळा, थंडीचे कपडे, रिकाम्या बॅगा, सगळं तिथेच जातं. न्यू जर्सीचा उन्हाळा दमट असतो. डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवली नाही तर थर्माकोल टिकतो, पण जरीच्या साड्यांना आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी धरते. खोकी प्लास्टिकची घ्या आणि जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. विजेच्या पॅनेलपुढे ३६ इंच खोल आणि ३० इंच रुंद जागा रिकामी ठेवणं बंधनकारक आहे. फर्नेस आणि गरम पाण्याच्या टाकीजवळ काहीही रचू नका. जुन्या बेसमेंटमध्ये ९ इंची चौकोनी फरशा दिसल्या तर उखडण्याआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. १९७८ पूर्वीच्या घरात रंगात शिसं असू शकतं. तिथे त्याचं प्रमाणपत्र असलेलाच काँट्रॅक्टर हवा.

गणपतीची जागा नकाशातच ठरवा. त्या भिंतीवर, मखराच्या उंचीला, स्विचवर चालणारा एक आउटलेट घेतला की दहा फुटांची एक्स्टेन्शन वायर पायात येत नाही. देवघर क्लोजेटमध्ये करायचं असेल तर निरांजनावर लाकडी फळी येऊ देऊ नका आणि स्मोक अलार्म अगदी जवळ नको. दाराशी तीस जोडी चपला-बुटांची सोय करा. आरतीला तेवढी माणसं येतातच.

आईवडील आले की सहा महिने राहतात, आणि त्यांच्या चार मोठ्या बॅगाही तेवढेच दिवस घरात असतात. तळमजल्यावर शॉवरसह एक पूर्ण बाथरूम काढता आली तर ती मोठ्या आयलंडपेक्षाही आधी करा; यावरही सगळ्यांचं एकमत आहे. दार उघडल्यावर ३२ इंचांची वाट मोकळी राहिली पाहिजे. भिंती उघड्या असतानाच कमोड आणि शॉवरजवळ ३३ ते ३६ इंच उंचीवर आत लाकडाचं आडवं टेकण बसवून घ्या, म्हणजे आधाराचा दांडा पुढे केव्हाही लावता येतो. कमोडशेजारी जीएफसीआय आउटलेट घ्या. जेटच्या साध्या नळीला वीज लागत नाही, पण कोमट पाण्याचं बिडे सीट लावायचं ठरलं तर लागते.

भिंत, नळ किंवा वायर हलवायची असेल तर टाउनशिपचं परमिट काढा आणि शेवटचं इन्स्पेक्शन पास होईपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा. काँट्रॅक्टरची राज्याकडे नोंदणी आहे ना ते पाहा. ५०० डॉलरच्या वरच्या कामाचा करार न्यू जर्सीत लेखीच लागतो, आणि त्याची प्रत हातात पडल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत तो रद्द करता येतो. ड्रायवॉल चढायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा. स्टड, वायर आणि नळ कुठून गेले आहेत ते त्यात दिसलं पाहिजे. फळी ठोकताना तुम्हाला, आणि घर विकलंत तर नव्या मालकालाही, ते फोटो लागतील.